झाशीचे पुस्तकालय आणि सात तबकड्या

बबीना ही झाशीच्या दक्षिणेस, ललितपूरच्या वाटेवरील लष्करी छावणी. दौऱ्यात येथे मुक्काम पडला की मन झाशीकडे वळते. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते गाव परके वाटत नाही.

एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली. तेव्हा शहरात असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये तेथील पुस्तकालयाच्या नाशाची हकीकत लिहून ठेवली. सारा संग्रह एकाच जागी होता. ज्या पोथ्यांची नक्कल आधीच कोणी बाहेर नेली असेल, तेवढ्याच वाचल्या असणार.

हा धडा ठाऊक असूनही मी चुकलो. एका कार्यालयात असताना जुन्या नस्त्यांच्या प्रतिमा आम्ही सीडींवर उतरवल्या. एका सीडीत ७०० एमबी मावत. संग्रह कितीतरी मोठा. जागा वाचावी म्हणून माझ्याच सूचनेवरून तो सलग दाबून त्याचे सात तुकडे केले. पुढे चौथी तबकडी वाचेना, आणि बाकीच्या सहा शाबूत असूनही मागचे-पुढचे कागद जुळेनात. त्यांत एका निवृत्त शिपायाच्या सेवेची नोंद होती. त्याला अनेक महिने हेलपाटे घालावे लागले. अखेर दुसऱ्या कार्यालयातील वेतनपटात त्याचे नाव सापडले, तेव्हा निवृत्तिवेतन सुरू झाले. अर्थशास्त्र शिकलेल्या मी तबकड्यांचा खर्च मोजला होता, त्या माणसाचे हेलपाटे मोजले नव्हते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत. एक रुमाल वाळवीने खाल्ला तरी शेजारचा वाचता येतो. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत छापले गेले, आणि तेवढा मजकूर तरी अनेक ग्रंथालयांत पोहोचला.

म्हणून आता माझा नियम साधा आहे. प्रत्येक तबकडी स्वतंत्रपणे उघडली पाहिजे, तिची यादी तिच्यात आणि बाहेरही हवी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी. नक्कल मुळाशी ताडून पाहिल्यावाचून मूळ कागद नष्ट करू नये. गोडशांचा वृत्तान्त १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखित जपलेले होते, म्हणूनच १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना ते जसेच्या तसे वाचकांपुढे ठेवता आले.