वालाचा दाणा आणि कमला सोहोनी

१/ नागभीडच्या जंगलपट्ट्यातले खेडे असो वा कोकणातली वाडी, कडधान्य भिजवून नीट शिजवावे, कच्चे खाऊ नये, हे घरोघरी ठाऊक असते. त्यामागचे एक कारण मुंबईच्या प्रयोगशाळेत मोजले गेले. ज्या स्त्रीने ते मोजले, तिला एकदा प्रयोगशाळेच्या दाराशीच अडवण्यात आले होते.

२/ १९३३. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी तो केवळ स्त्री म्हणून नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अजमावणीच्या अटीवर प्रवेश मिळाला.

३/ पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्यासह त्यांनी वनस्पतींचे श्वसन अभ्यासले. विकर डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते त्याचे कार्य. क्षपित सायटोक्रोम सी वर्णपटात काळे पट्टे उमटवते. ऑक्सिडेझ हे विकर कार्य करू लागले की ते पुसट होतात. सायनाइड घातल्यास विकर थबकते, पट्टे तसेच राहतात. विष पेशीत नेमके कोठे घाव घालते, तेही याच रीतीने कळते. १९३९ मध्ये वनस्पतींतील या विकरावरील त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला.

४/ मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये हाती घेतली. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. त्याला रोखणारी द्रव्ये अनेक बियांत असतात. ती मोजायची कशी?

५/ दोन नळ्या घ्याव्यात. दोहोंत दुधातले केसिन आणि ट्रिप्सिन. एकीत मात्र बियांचा अर्कही. तापमान आणि वेळ सारखी. मग आम्ल घालावे: न पचलेले प्रथिन साका होऊन खाली बसते, पचलेले द्रवात उरते. द्रवातल्या प्रमाणांतील फरक म्हणजे अर्काची रोधशक्ती.

६/ १९५५ मध्ये सोहोनी आणि के. एस. आंबे यांनी वाल व डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. उष्णतेने अशा रोधकांचा जोर ओसरतो; पण सर्वांचा सारखा नाही. म्हणूनच अनुभवाला मापाची जोड हवी. ज्या घरांत प्रथिनांची भिस्त कडधान्यांवरच आहे, तेथे हा प्रश्न थेट पोषणाचा ठरतो.

७/ एका संचालकाने ज्यांना नाकारले, त्या कमला सोहोनी पुढे मुंबईच्या याच विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.