आगोट आणि आगबोट

पन्नासाहून अधिक वर्षे लिव्हरपूलमध्ये काढून आणि नोकरीतून निवृत्त होण्यासही दीड तप लोटल्यावर, यंदाच्या मे महिन्यात मी वेंगुर्ल्यास आलो तो मोपाच्या विमानतळावर उतरून, भाड्याच्या मोटारीने, सावंतवाडीच्या बाजूने; म्हणजे आमच्या बालपणीच्या भूगोलाप्रमाणे गावाच्या परसदाराने. मोटारीच्या चालकास यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्या जन्मापासून माणसे या गावी पूर्वेकडूनच येत आली आहेत. माझ्या मनात मात्र गावाला येणे म्हणजे पश्चिमेकडून, समुद्रावरून, पहाटेच्या अंधारात येणे, हा समज इतका पक्का रुजलेला आहे, की घराच्या उंबऱ्याशी उतरल्यावरही आपण अजून पोहोचलो नाही असे मला बराच वेळ वाटत राहिले. संध्याकाळी बंदरावर जाऊन दीपगृहाच्या टेकडीखाली उभा राहिलो, तेव्हा कोठे पोहोचल्यासारखे वाटले.

वेंगुर्ल्याचे तोंड पूर्वापार समुद्राकडे होते. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली, तीत व्यापाराइतकाच पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवण्याचा हेतू होता. गोव्याच्या मुखाशी नाकेबंदी करून राहिलेल्या डच आरमारास पाणी, अन्नसामग्री आणि बातमी पुरविण्यास हे ठिकाण फार सोयीचे होते. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या प्रवासवृत्तांतातही या बंदराचा उल्लेख येतो. वखारीचे पडके अवशेष अद्याप उभे आहेत. लहानपणी आम्ही तेथे लपाछपी खेळत असू, आणि डच म्हणजे कोणी राक्षसांची जात असावी, एरव्ही एवढ्या जाड भिंती कशाला बांधतील, असा आमचा तर्क होता. पुढे १८१२ साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि बेळगावच्या छावणीचा सरंजाम येथे उतरवून आंबोलीच्या बाजूने घाटावर चढू लागला. बंदराची ही भरभराट आगगाडीने संपविली: १८८० नंतरच्या दशकात मार्मागोव्याहून थेट घाटावर लोहमार्ग गेला, आणि बेळगाव-धारवाडकडचा माल तिकडे वळला. माल गेला, माणसे राहिली. आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे वेंगुर्ले बंदराने मुख्यतः माणसांची ने-आण केली.

ही ने-आण आगबोटीची. शेफर्ड कंपनीच्या आगबोटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच कोकणपट्टीवर फिरू लागल्या होत्या, आणि त्यांचाच वारसा बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने पुढे चालविला. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत, १९०६ साली, इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी निघाली, तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. या लाडक्या नावात केवढी ममता आणि केवढी ईर्ष्या साठली होती, हे ज्याने परक्या कंपनीच्या कारकुनाचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेतले असेल त्यासच कळावे. पुष्कळ बोटींची नावे संतांची असत, रामदास, तुकाराम, सेंट अँथनी. आणि खालच्या डेकवर पथारी पसरून पडलेल्या उतारूस त्यांपैकी कोणाचा तरी धावा करण्याची पाळी हर्णैच्या पुढे हटकून येई. आमच्याकडे माणसाला समुद्र लागत नाही, 'बोट लागते'. बोट लागलेल्यांसाठी माझी आई लिंबू आणि आवळ्याची सुपारी पदराच्या गाठीस बांधून निघे, आणि तिलाच ती सर्वांआधी लागे.

सकाळी मुंबईहून सुटलेली बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत घेत रात्रभर दक्षिणेस सरके. 'बंदर घेणे' हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे, कारण बहुतेक ठिकाणी बोट बंदराला लागतच नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून शिटी देई, आणि किनाऱ्यावरून पडाव निघत. वेंगुर्ल्याच्या अलीकडे निवतीच्या समोर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे, त्यावर दीपगृह आहे. त्याच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, आणि ती घरटी चोरून चिनी लोकांच्या जेवणासाठी पाठविणारे महाभाग अद्यापही पकडले जातात म्हणे. तो दिवा दिसला की वळकट्या गुंडाळण्याची एकच धांदल उडे. मग बोटीच्या कुशीशी पडाव येऊन भिडे. लाटेसरशी तो वर आला की खलाशी ओरडे, त्या क्षणी शिडीवरून पाय टाकायचा. क्षण चुकला की पडाव पुरुषभर खाली गेलेला असे. ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या करंड्या, पाळण्यातली पोरे आणि म्हाताऱ्या या सर्वांचा उतार एकाच पद्धतीने होई, म्हणजे वरच्याने सोडायचे आणि खालच्याने झेलायचे. पडावही वाळूपर्यंत जात नसे. कमरेएवढ्या पाण्यात खलाशी उतारूंस खांद्यावर घेत आणि कोरड्या वाळूवर नेऊन ठेवीत. माझे वडील मुंबईत एका पेढीवर हिशेबनीस होते, इस्त्रीचा कोट आणि टोपी घालून गावी येत; त्यांना गाबीत खलाशाच्या ओल्या खांद्यावर, दोन्ही हातांत बूट धरून, जमिनीकडे येताना मी पाहिले आहे. किनाऱ्यावर अर्धे गाव कंदील घेऊन उभे असे. कोण आले, काय घेऊन आले, कोणाची प्रकृती उतरली, कोणाचा मुलगा या वर्षीही आला नाही, ही सारी शिरगणती तेथल्या तेथे होऊन जाई.

या येण्याला एक हद्द होती, आणि ती कोणा साहेबाने घातलेली नव्हती. मृगाच्या आधीच्या दिवसांना आणि त्या दिवसांत करावयाच्या बेगमीला कोकणात 'आगोट' म्हणतात: लाकूडफाटा रचणे, छपरे शाकारणे, सुकी मासळी, मीठ-मिरची भरून ठेवणे. आगोट आली की आगबोट बंद. मेच्या अखेरीस 'शेवटची बोट' जाई, आणि पाऊसकाळ ओसरेपर्यंत बंदर मिटे. त्यामुळे जलमार्गाने येणाऱ्याला मे महिना हाच खरा सण होता. गणपतीस बोट बंद असे किंवा नुकती कोठे सुरू झालेली असे, आणि ज्याला यायचेच असेल त्याने कोल्हापूर किंवा बेळगावपर्यंत आगगाडीने जाऊन घाट उतरायचा, हा खर्च सर्वांस झेपणारा नसे. आज चतुर्थीला चाकरमान्यांचे जे लोंढे कोकणात उतरतात ते फार पुरातन आहेत असे आपण धरून चालतो. माझ्या मते त्यांतील पुष्कळ भाग एस.टी. आणि रेल्वे यांच्या कृपेचा आहे.

शेवटच्या बोटीविषयी घरोघर एक धास्ती असे, आणि ती निराधार नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' मुंबईच्या तोंडाशीच उलटली, आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. माझा जन्म त्याच्या दोन वर्षे आधीचा. पण रामदासचे नाव आमच्या घरी रात्री कोणी घेत नसे. आजी बंदरावर निरोपाला येई ती नारळ घेऊन, आणि तो समुद्रात सोडताना तिचे ओठ हलत. ती काय म्हणे ते तिने कोणालाही कधी सांगितले नाही.

चाकरमानी हा शब्द आज थट्टेचा झाला आहे. वस्तुतः हा मुलूख त्याच्या मनीऑर्डरीवर उभा राहिला. जमीन थोडी, तीतही खोताचा वाटा. आणि मुंबईत गिरण्या, गोद्या आणि पेढ्या. पुरुष निघून गेले ते असे, की रत्नागिरी जिल्ह्याच्या खानेसुमारीत स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त भरे, आणि सरकारी अहवालांस तिची दखल घ्यावी लागे. जिल्ह्याचे खलाशीही परमुलखी गेले. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पिढ्यानपिढ्या राबले. 'लष्कर' या आपल्या फारसी शब्दावरून इंग्रजीत 'लास्कर' आला, तो अशाच खलाशांना लावला जाई. लिव्हरपूलच्या गोदीकाठी मी प्रथम गेलो तेव्हा आपणच या गावचे पहिले पाऊल येथे टाकीत आहोत असा माझा भ्रम होता. तो एका म्हाताऱ्या रखवालदाराने, रत्नागिरी हे नाव बिनचूक उच्चारून, पाच मिनिटांत घालविला.

या खेपेस येण्याचे निमित्त वारसनोंदीचे होते. वडिलार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर माझे नाव चढावे म्हणून एका कचेरीत मी चार वेळा गेलो. एकदा दप्तर सापडेना, एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा यंत्र बंद, आणि चौथ्या वेळी उतारा हाती आला तेव्हा मीच तो वाचीत बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. अकरा गुंठे क्षेत्र आणि त्याखाली सामाईक म्हणून सदतीस नावे. परळला गेलेला, डोंबिवलीस गेलेली, आफ्रिकेत गेलेला आणि तेथेच राहिलेला, लग्न होऊन बडोद्यास गेलेली. या साऱ्यांना जमिनीने सोडलेले नाही, आणि त्यांतले कोणी ती कसतही नाही. काजूची चार झाडे आहेत, त्यांच्या बिया शेजारी गोळा करतो. त्याच्याकडे कोणी हिशेब मागू नये असे माझे मत आहे, कारण सदतीस जणांपैकी त्या जागेत पाऊल टाकणारा तोच एक.

आगबोटीचा शेवट गाजावाजा न होता झाला. १९४८ पासून एस.टी. सुरू झाली, रस्ते सुधारले, पूल झाले. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटींनी पुढे बरीच वर्षे पणजीपर्यंतचा मार्ग धरून ठेवला, पण अखेर त्याही थांबल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. रेल्वे यावी म्हणून आम्ही काय कमी नवस केले होते? परंतु तिचा मार्ग समुद्रापासून आत, कुडाळ-सावंतवाडीवरून गेला. त्या दिवसापासून गावाचे तोंड फिरले ते फिरलेच. आता आमच्याच तालुक्यात चिपीला विमानतळ आहे, २०२१ पासून; आकाशातून येणाऱ्यास कोणते दार पुढचे आणि कोणते मागचे, हा प्रश्नच उरत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा बंदरावर गेलो. धक्क्यावर जाळी वाळत पडली होती, आणि एक वृद्ध गृहस्थ, माझ्याहून सहा-सात वर्षांनी वडील, बसून एका जाळ्याची फाटलेली वीण सांधीत होते. तरुणपणी ते पडावावर होते, माझ्या वडिलांचे नाव सांगताच, "बुटवाले हिशेबनीस?" एवढेच ते म्हणाले. मग कोकणात प्रत्येक येणाऱ्यास ज्या क्रमाने विचारतात त्या क्रमाने त्यांनी मला विचारले.

"कधी इलंस?"

मी सांगितले.

"कधी जातलंस?"

विमानाची तारीख माझ्या खिशात होती. तोंडातून मात्र वडील देत असत तेच उत्तर गेले: "शेवटच्या बोटीन."

त्यांनी सुई थांबविली, डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडे नीट पाहिले, आणि हसण्याची एक रेघही चेहऱ्यावर न उमटू देता म्हणाले, "मगे पडाव होयो."