अडीच सुती भोक, आठ मिलिमीटरचा बोल्ट

आजचा धागा आट्यांविषयी.

मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या गावात जुनी मोटारसायकल ही चैन नव्हे. तिच्यावाचून कामे अडतात. म्हणून ती अंगणातच उघडली जाते. पाना फिरवता फिरवता हाताला अचानक हलके लागते: बोल्टचे डोके पान्यात, धड इंजिनात. दोष बहुधा मनगटाच्या जोराला किंवा गंजाला दिला जातो. गंजाचा वाटा खराच, कारण ॲल्युमिनियमचे आवरण, पोलादी बोल्ट आणि मधे पावसाचे पाणी, एवढ्यावर दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरतात. परंतु या अपघाताचे एक कारण थेट १८४१ सालापर्यंत मागे जाते.

तोवर इंग्लंडमधील प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडत असे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल याची शाश्वती नव्हती. जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्याचे प्रमाण सुचवले. रेल्वेने ते उचलले आणि साम्राज्याबरोबर ते भारतातही आले. अमेरिकेत मात्र विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा मांडला. परिणाम पाहा: अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश बोल्टवर इंचाला १२ आटे, अमेरिकनवर १३. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचेच सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी सामाईक आट्यावर सही केली. युरोप खंड तोवर मेट्रिकच्या वाटेने निघून गेला होता.

आपल्याकडे या मापांना ‘सूत’ हा सुंदर शब्द आहे. आठ सूत म्हणजे एक इंच. १९५७ मध्ये नवे पैसे आले, आणे मोडीत निघाले. सूत मात्र निघाले नाही. २०१६ च्या डिसेंबरात रोकडविरहित व्यवहारांचे गाव म्हणून धसईचे नाव वर्तमानपत्रांत झळकले, पण सळई आजही ‘तीन सुती’ अशीच मागितली जाते.

दुचाक्यांच्या बाबतीत ही सरमिसळ अधिक गुंतागुंतीची आहे. १९५५ मध्ये मद्रासेत एन्फील्ड इंडिया स्थापन झाली, तिची बुलेट ब्रिटिश इंची आटे घेऊन आली. १९६१ पासून म्हैसुरात बनू लागलेली जावा चेक घराण्याची, एस्कॉर्ट्सची राजदूत पोलिश घराण्याची, दोन्ही मेट्रिक. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, तीही मेट्रिकच. मिस्त्रीची पेटी मात्र एकच! त्यात व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टची जाडी कोरलेली, तर मेट्रिक पान्यावर डोक्याची रुंदी.

आता अंगणात परत येऊ. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. डोळ्यांना हे भोक आठ मिलिमीटरचेच वाटते, आणि नवा मेट्रिक बोल्ट त्यात एकदोन फेरे जातोही. पण त्याच्या दोन आट्यांतील अंतर १.२५ मिलिमीटर, व्हिटवर्थचे १.४१. पाच आट्यांत चूक पाऊण मिलिमीटरच्या पुढे जाते. पुढे जोर लावला की आवरणाचे आटे मरतात किंवा बोल्ट आवळून बसतो, आणि पुढच्या वेळी काढताना तुटतो. बोटांनी चार फेरे सहज जात नसतील, तर पाना हाती घेऊ नये.

तुटलाच, तर घाई करू नये. पेट्रोलची टाकी आधी दूर ठेवावी, मग आवरण तापवावे; ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते. थोटूक वर दिसत असेल, तर त्यावर नट वेल्ड करून फिरवणे उत्तम. आत असेल, तर बरोबर मध्यावर भोक पाडून उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर वापरतात. ते कठीण पोलादाचे असते. आतच मोडले, तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही, आणि मग लेथवाल्याकडे जावे लागते.

सर्व उपाय हरले की मिस्त्री भोक मोठे करून नवे आटे पाडतो. हाताशी असलेला टॅप बहुधा मेट्रिक असतो. अशा रीतीने ब्रिटिश इंजिनात बाकी भोके सुतांची आणि एकच मिलिमीटरचे राहते, आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर नसते.