चित्रशाळेतील तिसरा विषय



मुलाने किंवा मुलीने चित्रकलेच्या महाविद्यालयात नाव घालायचे म्हटले, म्हणजे आपल्या घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो : पुढे पोटाचे काय? विचारणाऱ्या बापास आम्ही दोष देत नाही. पैसे तो भरतो आणि चिंताही तोच वाहतो. मग घरात थोडी वादावादी होते आणि तडजोड निघते. 'रेखा व रंगकला' नको, 'उपयोजित कला' घे. जाहिराती, पुस्तकांची वेष्टने, मासिकांची मांडणी यांत निदान चार पैसे मिळतील. या सगळ्या वादात एका तिसऱ्या विषयाचे नाव कोणी काढीत नाही. तो विषय म्हणजे कलेचा इतिहास. परीक्षेच्या आदल्या रात्री चार टिपणे पाठ करून उरकण्याचा तो विषय, अशी त्याची सर्वसाधारण ख्याती आहे. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते या तिसऱ्या विषयाबद्दल. आणि ते नागपुरातच सांगावे, यास कारण आहे.

प्रथम पोटाच्या प्रश्नाचा निकाल लावू. आपला असा समज असतो की चित्रशाळा ही सौंदर्याच्या उपासनेसाठी निघाली आणि पोटाचा विचार तिच्यात मागाहून शिरला. इतिहास नेमका याच्या उलट आहे. मद्रासेस १८५० साली, कलकत्त्यास १८५४ साली आणि मुंबईस १८५७ साली ज्या कलाशाळा सुरू झाल्या, त्या मुख्यतः धंद्यासाठी आणि कारागिरीसाठी. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी विणकामाची आणि धातुकामाची वाहवा झाली. यंत्राच्या मालाने ही कारागिरी बुडत चालली आहे, हेही तेव्हा दिसू लागले होते. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली मुंबईच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले, ते या देशातील कला आणि कारखानदारी सुधारावी म्हणून. त्या शाळेत १८६६ साली तीन कार्यशाळा होत्या : एक शोभेच्या रंगकामाची, दुसरी मूर्तिकाम व नक्षीची आणि तिसरी शोभिवंत लोखंडकामाची. पुढे १८९१ साली तिला जोडून जी कारखानाशाळा निघाली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. चित्रकार आणि कारागीर हे त्या काळी एकाच छपराखाली वावरत होते.

नागपूरही या हालचालीपासून दूर नव्हते. मध्यप्रांताची घडी बसविणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत १८६३ साली येथे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. आपण त्याला प्रेमाने 'अजब बंगला' म्हणतो. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६५ मध्ये, नागपुरात कला, कारागिरी आणि प्रांतातील उत्पन्नाचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच १८६५ साली लॉकवुड किपलिंग हे मुंबईच्या शाळेत शिकवावयास आले. नागपूर आणि उमरेड येथील रेशीमकाठी धोतरांची ख्याती त्या काळी दूरवर होती. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली आणि हातमागापुढे कापडाचा नवा काळ उभा राहिला. सांगावयाचे ते इतकेच की, 'वस्तू सुंदर कशी करावी आणि ती विकावी कशी' हा प्रश्न या शहराला दीडशे वर्षांपूर्वीही ठाऊक होता. तेव्हा उपयोजित कला ही चित्रकलेची सावत्र बहीण नव्हे. वयाने पाहिले तर तीच थोरली ठरेल.

मग इतिहास या शाळांत आला कोठून? अभ्यासक्रमाच्या दारातून तो आला नाही. तो आला अजिंठ्याच्या लेण्यांतून.

१८१९ साली एका इंग्रज शिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी तेथे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करू लागला. त्यांतील बहुतेक लंडनच्या स्फटिकगृहास १८६६ च्या अखेरीस लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले एक. ही पोरे काळोख्या लेण्यांत बसून रेघेमागून रेघ उतरवीत होती. या प्रतिकृतींपैकीही शंभराहून अधिक १८८५ च्या लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. परंतु एक गोष्ट आगीत जळाली नाही. शाळेत ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या नमुन्यांवर हात बसविणाऱ्या या विद्यार्थ्यांना पहिल्यानेच कळले की, आपल्याच डोंगरात दीड हजार वर्षांपूर्वी याहून निराळी आणि तितकीच पक्की रेघ काढणारे हात होऊन गेले. हा त्यांचा कलेतिहासाचा पहिला धडा. तो त्यांना हाताने मिळाला.

पण हे हात कोणाचे? कोणाच्या राज्यात, कोणाच्या आश्रयाने हे काम झाले? या प्रश्नाचे उत्तर कुंचल्याने मिळण्यासारखे नव्हते. ते मिळाले अक्षरांतून. आणि येथे नागपूरचा संबंध येतो.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते लेणे खोदवून भिक्षुसंघास अर्पण केले, असे त्यात सांगितले आहे. लेण्यातील खिडक्या, दारे आणि चित्रवीथी यांचेही त्यात वर्णन आहे. लेख बराच झिजलेला आहे. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तो वाचला. पण वाकाटकांच्या वंशावळीतील एक महत्त्वाचे नाव त्यांच्या हाती नीट लागले नाही. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. त्यातील वंशावळीच्या आधाराने, त्या वेळी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि तेथे 'सर्वसेन' हे नाव असल्याचे दाखवून दिले. त्यांचे हे संशोधन १९४१ साली प्रसिद्ध झाले. या एका नावाने वाकाटकांची एक स्वतंत्र शाखाच उजेडात आली. वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम, ही तिची राजधानी. आणि हरिषेण हा तिचाच राजा. दुसरी शाखा नंदिवर्धनची. ते नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन असे मानतात. नागपुराहून तेथे जाऊन संध्याकाळी परत येता येते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जगातील चित्रकलेच्या प्रत्येक ग्रंथात ज्या अजिंठ्याचे नाव येते, त्याच्या वैभवाच्या काळाचा धागा विदर्भातील एका राजवंशाशी बांधलेला आहे, आणि तो धागा सोडविण्याचे काम या शहरातील एका संस्कृतच्या प्राध्यापकाने केले. मुंबईचे विद्यार्थी रेघ उतरवून गेले. नागपूरच्या पंडिताने अक्षर वाचले. रेघ जाणणारा आणि अक्षर जाणणारा मात्र एका वर्गात कधी बसले नाहीत. आमच्या मते आपल्या कलाशिक्षणाचे खरे दुखणे हेच आहे.

हे दुखणे आपल्या शब्दांतही उतरलेले दिसेल. 'कला शाखेचा पदवीधर' असे आपण ज्याला म्हणतो, त्याने जन्मात कुंचला हाती धरलेला नसतो. आणि ज्याने चार-पाच वर्षे कुंचलाच हाती धरला, त्याच्या नावापुढे कित्येक पिढ्या पदवी लागली नाही, 'जी. डी. आर्ट' ही सरकारी पदविका लागली. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय विद्यापीठास जोडले गेले ते १९८१ साली, म्हणजे शाळा निघाल्यावर सव्वाशे वर्षांनी. एकाला ज्ञानाचा मान दिला, दुसऱ्याला कसबाचा. आणि इतिहास हा ज्ञानाच्या बाजूस गेल्यामुळे कसबाच्या घरात तो पाहुणा ठरला.

असे होणे अटळ होते काय? नव्हते. मराठी गादीच्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली कलाभवन काढले, ते उद्योगशिक्षणासाठी. त्याच बडोद्यात १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा उघडली. तेथे चित्रकला, शिल्प, उपयोजित कला आणि कलेतिहास हे विषय एका अंगणात आले. चित्रकार ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवीत आणि हरमान गोएट्झ यांच्यासारखा कलेतिहासकारही तेथेच शिकवी. मुंबईत मात्र वाट निराळी झाली. १९३५ साली निघालेला व्यावसायिक कलेचा विभाग १९५८ साली वेगळा होऊन त्याची स्वतंत्र संस्था झाली. यात व्यवसायाची सोय झाली हे खरे. पण थोरल्या बहिणीने चूल वेगळी मांडली, हेही खरे.

नागपूर १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होते. त्यानंतर ते मुंबई राज्यात आणि १९६० च्या १ मे पासून महाराष्ट्रात आले. १९६५ साली राज्याचे कला संचालनालय निघाले. आपले शासकीय चित्रकला महाविद्यालय या संचालनालयाच्या छत्राखाली आहे. गावोगावची मुले ज्या 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमीजिएट' परीक्षांना बसतात, त्याही हेच संचालनालय घेते. राज्यभर शिक्षण एकसारखे झाले, हा यातला लाभ. तोटा असा की, मुंबईत पडलेली वाटणीही सोबत आली.

"जाहिरात करणाऱ्यास इतिहास हवा कशाला?" असे कोणी विचारील. उत्तरादाखल दोन माणसे सांगतो. पहिले धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा १८८५ साली जे. जे. मध्ये शिकला आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात. त्याने पुराणवस्तू खात्यात नोकरी केली आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंधित कामही केले. हात, छपाई आणि प्राचीन अवशेष यांची ओळख झालेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. तिन्ही विषय एका माणसात मिळाले म्हणजे काय होते, ते येथे दिसते. दुसरे र. कृ. जोशी. हे उपयोजित कलेतले, जाहिरातीच्या धंद्यातले आणि पुढे शिक्षक. देवनागरीचे वळण शिलालेखांत आणि पोथ्यांत कसकसे घडत गेले, याचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला. संगणकावर मराठी लिहिताना असंख्य लोकांनी ज्या 'मंगल' अक्षरांचा उपयोग केला, ती त्यांनी घडविलेली. अक्षराचा इतिहास ठाऊक नसता, तर ते अक्षर त्यांच्या हातून उतरले नसते.

आता या अक्षरांच्याच वाटेने आपण घरी परतू. वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट ज्या लिपीत आहेत, तिला 'पेटिकाशीर्ष' म्हणतात. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक लहानशी चौकोनी पेटी असते. अजिंठ्याच्या त्या सोळाव्या लेण्यातला लेखही याच वळणाचा. आज अक्षररचना शिकणारी आपली मुले रोमन वळणांची इंग्रजी नावे घडाघड सांगतात. दीड हजार वर्षांपूर्वी विदर्भात तांब्यावर कोरलेल्या या वळणाचे नाव त्यांतल्या कितींना ठाऊक असेल? हे वळण पाहून एखाद्या मुलाला नवे शीर्षक सुचले, एखाद्या विणकराला काठाची नवी नक्षी सुचली, तर तो इतिहासाचा अपव्यय नव्हे. इतिहास त्याच कामासाठी असतो.

यावर एक आक्षेप येईल. जुन्याचे फार कौतुक केले की तरुण नक्कल करू लागतात. आक्षेप खोटा नाही. पण नक्कल हा अज्ञानाचा दोष आहे. ज्याला एकच नमुना ठाऊक, तो त्याचीच नक्कल करतो, मग तो नमुना ग्रीसचा असो की न्यूयॉर्कचा. ज्याने दहा नमुने पाहिले आणि ते कसे घडले हे जाणले, त्याला निवड करता येते. याच नागपुरात भाऊ समर्थ चित्रे काढीत आणि चित्रकलेचा समाजाशी संबंध काय, यावर लिहीतही. लिहिण्याने त्यांच्या हाताची धार बोथट झाली, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे शहर या बाबतीत दरिद्री नाही, उलट भाग्यवान आहे. संग्रहालयात शिल्पे, शिलालेख आणि नाणी आहेत. विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्व यांचा स्वतंत्र विभाग आहे. चित्रकला महाविद्यालय आहे. रामटेकची वाकाटककालीन देवळे आणि मनसरचे उत्खनन हाकेच्या अंतरावर आहे. उणीव आहे ती या चौघांमध्ये जाण्यायेण्याची. त्यासाठी नवी इमारत नको आणि मोठा निधीही नको. वर्षातून दहा दिवस चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी संग्रहालयात बसून मूर्ती आणि ताम्रपट रेखाटावेत, शेजारी पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने ते वाचून दाखवावेत आणि त्याने स्वतःही एकदा पेन्सिल हाती धरावी. इतके झाले तरी पुष्कळ होईल.

आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे. पोटाचा प्रश्न जरूर विचारा. चित्रशाळा निघाल्या त्याच त्या प्रश्नातून. पण तो विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा : आमच्या मुलाला तुम्ही नुसता हात देणार, की त्या हाताला कुळही सांगणार? ज्या दिवशी प्रवेशाच्या रांगेतला एखादा बाप हा दुसरा प्रश्न विचारील, त्या दिवशी चित्रशाळेतला तिसरा विषय आदल्या रात्रीच्या टिपणांतून बाहेर पडेल.