फ्लॉक्सचे नागरिकत्व

फ्लॉक्स पॅनिक्युलाटा मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली, ओलसर रानांत वाढणारी. (आपल्याकडे थंडीत वाफ्यांतून फुलते ते तिचे टेक्सासमधले वर्षायू भावंड.) लिनियसने १७५३ मध्ये तिची नोंद केली. पुढे युरोपीय संकरकारांनी तिच्या फिकट जांभळ्या फुलांना पांढरे, गुलाबी, शेंदरी असे अनेक रंग दिले आणि बहुवर्षायू फुलझाडांच्या लांब पट्ट्यात, ज्याला इंग्रज बागकार ‘बॉर्डर’ म्हणतात, ऐन उन्हाळ्याची भिस्त तिच्यावर आली.

हे काम निष्ठेने करणाऱ्यांत कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) अग्रणी होते. पॉट्सडॅमजवळील बोर्निम येथे त्यांची रोपवाटिका होती. फ्लॉक्सची मुळे उथळ. जमीन सुकली की खालची पाने करपतात आणि भुरी चढते. म्हणून मालकाच्या लाडांवाचून तगणारे वाणच त्यांना हवे असत.

मात्र काळ ‘देशी’ रोपांच्या आग्रहाचा होता. अल्विन झायफर्टसारखे उद्यानरचनाकार जर्मन भूमीसाठी जर्मन वनस्पती मागत होते. १९४२ मध्ये तर काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या तेरड्याच्याच कुळातल्या एका आशियाई रोपाच्या समूळ उच्छेदाची हाक दिली आणि त्या मोहिमेची तुलना बोल्शेविझमविरुद्धच्या लढ्याशी केली! फक्त देशी रोपे विकण्याचा आग्रह फोर्स्टर यांनी मानला नाही. ज्यू मित्रांनाही त्यांनी आपल्या रोपवाटिकेत कामावर ठेवले.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे ते त्यांनी वाणांना दिलेल्या नावांपाशी. ‘डॉर्फफ्रॉइडं’ म्हणजे गावाचा आनंद, ‘लांटहोखत्साइट’ म्हणजे खेड्यातले लग्न. अमेरिकन रोपाला जर्मन खेड्याची नावे! कोणी म्हणेल, ग्रामीणतेच्या त्या काळच्या गौरवाशी ही तडजोडच. मला तसे वाटत नाही. ‘देशी’ हा शब्द ज्यांनी वंशावळीला बांधला, त्यांच्यासमोर फोर्स्टर यांनी तो सहवासाला बांधला. गावाच्या लग्नाला जे हजर, ते गावचे.

हे नागरिकत्व टिकवणे मात्र कष्टाचे असते. नामांकित वाण बियांतून तसाच उतरत नाही. दर तीन-चार वर्षांनी ठोंब उपटून त्याचे बाहेरचे जोमदार फुटवे वेगळे लावावे लागतात आणि सुकली फुले बी धरण्याआधी छाटावी लागतात. आळस केला, तर गळलेल्या बियांची दणकट रोपे मूळ ठोंबाला गुदमरवतात. माळी म्हणतो, फ्लॉक्सने रंग बदलला. वस्तुतः रोपच बदललेले असते: पाटीवर ‘लांटहोखत्साइट’, आणि वर अमेरिकेच्या रानातला तोच जुना जांभळा.