चाकांवरचं घर आणि बंद वेस

मंडळी, आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. २०२० सालची टाळेबंदी आणि ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅनच्या सुट्ट्या. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मामाचं गाव, फार तर महाबळेश्वरचं हॉटेल, त्यामुळे आधी थोडी ओळख करून देतो. (तिकडे राहणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल!)

तर तिकडे कॅरॅव्हॅन हा एकच शब्द बऱ्याच गोष्टींना लावतात. मोटारीमागे जोडून ओढायची ती टूरिंग कॅरॅव्हॅन. इंजिनासकट एकसंध असते ती मोटरहोम. आणि तिसरी स्टॅटिक. हिला नावापुरती चाकं असतात, पण एकदा समुद्रकाठच्या पार्कात आणून ठेवली की ती वर्षानुवर्षं जागची हलत नाही. कॅरॅव्हॅन तुमच्या मालकीची, खालची जमीन पार्कवाल्याची, आणि त्या जमिनीचं वर्षाचं भाडं तुम्ही भरायचं. ज्यांना किनाऱ्यावर बंगला परवडत नाही त्यांचं हे दुसरं घर. लिव्हरपूल-मँचेस्टरच्या कामगार कुटुंबांनी उत्तर वेल्समधला रिल, टोविन, प्रेस्टॅटिनचा किनारा असाच आपलासा केला. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणी उन्हाळ्यात दोन आठवडे बंद असत, तेव्हा अख्ख्या गल्ल्या उठून पोर्थकॉलच्या ट्रेको बे नावाच्या पार्कात जात. घरी शेजारी असलेली माणसं तिथेही शेजारीच!

हौसेखातर कॅरॅव्हॅन बांधून घेणाऱ्या पहिल्या लोकांत एका डॉक्टरचं नाव घेतात, विल्यम गॉर्डन स्टेबल्स. आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य, पुढे मुलांसाठी साहसकथा लिहिणारे. चाकांवरच्या घरात राहणारे रोमानी लोक त्याआधीही होतेच, पण ते त्यांचं जगणं होतं. स्टेबल्ससाहेबांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वॉन्डरर' नावाची गाडी करवून घेतली आणि तिला दोन घोडे जोडून इंग्लंडहून थेट स्कॉटलंडमधलं इनव्हरनेस गाठलं. प्रवास १,३०० मैलांचा. पुढे वाट मोकळी करायला तीनचाकी सायकलवर नोकर! मोकळ्या हवेसारखं औषध नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यानंतर १९०१ मध्ये तंबूवाल्यांचा क्लब निघाला आणि १९०७ मध्ये कॅरॅव्हॅनवाल्यांचा. म्हणजे या सुट्टीच्या जन्मापाशीच 'तब्येतीसाठी घराबाहेर पडा' हा सल्ला आहे. २०२० मध्ये तब्येतीसाठीच तिला कुलूप लागलं.

ते कसं लागलं, ते सांगण्यासारखं आहे. २० मार्च २०२० ला, शुक्रवारी, शाळा बंद झाल्या, रात्री पबही बंद झाले. शनिवार-रविवारी लख्ख ऊन, त्यात रविवारी तिकडचा मातृदिन. लोकांना घरी बसा असं अजून कुणी कायद्याने सांगितलं नव्हतं. मग काय, जो तो निघाला. स्नोडोनियाच्या राष्ट्रीय उद्यानाने सांगितलं की त्या शनिवारी झाली तेवढी गर्दी कुणाच्या स्मरणात नाही. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्येही मोटरहोमच्या रांगा लागल्या. त्या लोकांच्या डोक्यात गणित सरळ होतं. आपलं घर आपल्यासोबत, स्वयंपाक आपला, अंथरूण आपलं, मग आपला कुणाला काय त्रास?

त्रास होता. उत्तर वेल्सच्या अख्ख्या पट्ट्याला मोठी रुग्णालयं तीन: बँगर, बॉडेलविडन आणि रेक्सम. त्यांची खाटांची संख्या तिथे बारमाही राहणाऱ्या लोकसंख्येकडे बघून ठरलेली. सुट्टीवर आलेला माणूस डबाबाटली सगळं घेऊन येतो, पण अतिदक्षता विभागातली खाट काही घेऊन येत नाही. २३ मार्चला वेल्सचे तेव्हाचे मुख्यमंत्री (तिकडे फर्स्ट मिनिस्टर म्हणतात) मार्क ड्रेकफर्ड यांनी कॅरॅव्हॅन पार्क आणि कॅम्पसाइट बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच संध्याकाळी बोरिस जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवर सगळ्या देशाला घरी बसायला सांगितलं. म्हणजे तंबूवाल्यांची टाळेबंदी बाकीच्यांच्या काही तास आधी जाहीर झाली!

इथवर ब्रिटन एक देश होता. मे महिन्यात तो चार झाला. आरोग्य खातं १९९९ पासून वेल्स आणि स्कॉटलंडच्या स्वतःच्या हातात आहे, पण सुट्टीला निघालेल्या माणसाला हे कळायचं कारणच कधी पडलं नव्हतं. १३ मे २०२० पासून इंग्लंडमध्ये मोटार काढून हव्या तेवढ्या लांब फिरायला जायला मुभा मिळाली. वेल्समध्ये मात्र जवळपासच राहायचं, आणि १ जूनपासून 'जवळपास' म्हणजे साधारण पाच मैल. बर्मिंगहॅमहून निघालेला माणूस दीडशे मैल गाडी चालवू शकत होता, फक्त पश्चिमेला नाही. ज्या सीमेवर कमान नाही, नाका नाही, आठव्या शतकातल्या राजा ऑफाचा मातीचा बांध तेवढा अधूनमधून दिसतो, तिथे पोलीस गाड्या परत फिरवू लागले. सेव्हर्नवरच्या पुलांचा टोल डिसेंबर २०१८ मध्येच रद्द झाला होता. पूल फुकट झाला आणि दीड वर्षाच्या आत पलीकडचा रस्ताच बंद! लानमनेख नावाच्या गावातून तर ही सीमा आरपार जाते. तिथल्या गोल्फच्या मैदानाचे पंधरा खड्डे वेल्समध्ये आणि तीन इंग्लंडमध्ये. आता बोला.

गावोगावी हाताने रंगवलेले 'परत जा' असे फलकही लागले. इंग्लंडच्या वृत्तपत्रांना त्यात असभ्यपणा दिसला. मला वाटतं त्या फलकांवरचा रंग ताजा असला तरी मजकूर जुना होता. १९६५ साली लिव्हरपूलच्या पाण्यासाठी ट्रवेरिनच्या खोऱ्यात धरण बांधून कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव बुडवण्यात आलं. वेल्सच्या बहुतेक सगळ्या खासदारांचा विरोध होता, त्याचा उपयोग झाला नाही. (मुळशी आणि कोयना ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांना जास्त सांगायला नको.) १९७९ नंतर दहा-बारा वर्षं तिथे इंग्रजांची रिकामी सुट्टीघरं जाळण्याचं सत्रही चाललं होतं. हे मनात असलेल्या माणसाला पाच मैलांचा नियम फक्त रोगाचा वाटला नसेल. आणि दुसरीकडे, त्याच गावातल्या खाणावळवाल्याची, दूधवाल्याची, पार्कात झाडलोट करणाऱ्या बाईची वर्षाची कमाई त्याच पाहुण्यांवर अवलंबून. ईस्टर गेला, मे गेला, जून गेला.

मग जुलैत दारं उघडू लागली, पण एकदम नाही. उत्तर आयर्लंडने २६ जूनला पार्क उघडले. इंग्लंडने ४ जुलैला. स्कॉटलंडने ३ जुलैला पाच मैलांची अट काढून स्वयंपूर्ण निवास उघडले आणि बाकीचे १५ जुलैला. वेल्सने ११ जुलैला स्वयंपूर्ण निवास आणि २५ जुलैला सामायिक सोयींच्या कॅम्पसाइट. या तारखांमध्ये एक शब्द लपलाय तो बघा: स्वयंपूर्ण. म्हणजे काय? तर साध्या मराठीत, स्वतःचा संडास असलेला. लाखभर पौंडांची मोटरहोम घेणारा माणूस ११ जुलैला वेल्समध्ये शिरला. वीस पौंडांचा तंबू घेऊन निघणारा विद्यार्थी, तीन लेकरं घेऊन जाणारी नर्स, यांना सामायिक न्हाणीघर लागतं म्हणून आणखी दोन आठवडे थांबा. रोगाच्या दृष्टीने नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. नळ, कडी, दांडी, सगळ्यांचे हात एकाच जागी लागतात हे खरंच. पण मोकळ्या माळावरच्या त्या एका पत्र्याच्या खोलीने कुणाची सुट्टी कधी हे ठरवलं. स्कॉटलंडमध्ये त्या उन्हाळ्यात उलटंच घडलं. बऱ्याच ठिकाणची न्हाणीघरं बंद, आणि तिथल्या कायद्याने रानात तंबू ठोकायला मुभा. परिणामी तळ्याकाठी जे काही साचलं त्याचं वर्णन इथे नको, काही जण जेवताना वाचतात :)

इथे मला आपला प्लेग आठवतो. १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग आला तेव्हा गावं मोकळी करून लोक रानात झोपड्या घालून राहिले. 'प्लेगात आम्ही मळ्यात राहायला होतो' हे वाक्य कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तेव्हा उघड्यावरचा मुक्काम हाच उपाय होता. उंदीर घरात, माणसं बाहेर. (पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये दाखवला, लोकांनी घरं त्याआधीच सोडली होती.) त्याच प्लेगासाठी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत आपल्याला पुण्याहून साताऱ्याला जायलाही ई-पास लागत होता. तेव्हा त्या वेल्सच्या सीमेला हसण्याआधी आपल्या जिल्ह्यांच्या वेशी आठवाव्यात.

माझा मावसभाऊ लेस्टरला राहतो. त्याने ११ जुलैसाठी डर्बीशायरमध्ये तंबूची जागा ठरवली होती. इंग्लंड उघडणार म्हणून सगळे खूश, आणि जूनअखेर जाहीर झालं की लेस्टर उघडणार नाही. ब्रिटनमधली ती पहिली शहरापुरती टाळेबंदी. शहरातल्यांनी दुसरीकडे रात्रीचा मुक्काम करायलाही बंदी. कॅम्पसाइटच्या मालकीणबाईंचा फोन आला, फार गोड बोलल्या, पण पहिला प्रश्न पिनकोडचा. पुतणी तेव्हा आठ वर्षांची होती. ती म्हणे विचारत होती, "बाबा, आपण आजारी आहोत का?" पुढे ऑक्टोबरात वेल्सनेही तेच केलं. १६ ऑक्टोबरपासून ब्रिटनमधल्या जास्त साथीच्या भागांतून येणाऱ्यांना वेल्सचं दार बंद, आणि २३ तारखेपासून वेल्सचीच सतरा दिवसांची टाळेबंदी. लिव्हरपूलच्या लोकांसाठी रिलचा किनारा पुन्हा परदेश झाला.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती वेगळीच आहे. स्टॅटिकच्या पार्कांना १९६० च्या कायद्याखाली परवाना लागतो आणि सुट्टीच्या पार्काचा परवाना म्हणजे तिथे कायम राहायचं नाही. बरेच पार्क हिवाळ्यात काही आठवडे बंद ठेवावे लागतात ते म्हणूनच. मालकाला आपलं 'खरं' घर दुसरीकडे आहे याचा पुरावा द्यावा लागतो. आता प्रत्यक्षात काय होतं? निवृत्तीनंतर घर विकायचं, अर्धे पैसे मुलांना, उरलेल्यातून समुद्रकाठी स्टॅटिक घ्यायची, कागदावर लेकीचा पत्ता टाकायचा, आणि पार्क बंद असतो तेवढे आठवडे लेकीकडे किंवा स्पेनला काढायचे. असं जगणारे तिकडे बरेच आहेत. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

मार्च २०२० च्या नियमांत अशांसाठी सवलत होती, आणि ती देणाऱ्यांची माणुसकीही त्यात दिसते. पार्क बंद, पण ज्यांचं तेच मुख्य घर आहे किंवा ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही, त्यांना राहू द्यावं. म्हणजे सवलत हवी असेल तर सत्तरीतल्या आजोबांनी पार्कवाल्याला सांगायचं, मी इथेच राहतो. आणि तसं सांगणं म्हणजे करार मोडल्याची कबुली. न सांगावं तर लेकीच्या दोन खोल्यांत जायचं, जिथे जावई रोज बस चालवायला बाहेर जातोय आणि नातवंडं आहेत. सरकार म्हणत होतं घरी राहा. घर कोणतं, हे बोलायची त्यांना चोरी.

रोमानी आणि आयरिश भटक्या कुटुंबांचं तर त्याहून अवघड. त्यांच्यासाठी जागा राखण्याची १९६८ मध्ये नगरपालिकांवर टाकलेली सक्ती १९९४ मध्ये काढून घेतली होती. तेव्हापासून रस्त्याच्या कडेला थांबलं की हुसकावणं ठरलेलं. हौशी लोकांनी ज्यांच्याकडून चाकांवरचं घर उचललं, त्यांना 'घरी राहा' हा आदेश पाळायला हक्काची जागाच पुरेशी नव्हती.

१२ एप्रिल २०२१ ला इंग्लंडचे पार्क पुन्हा उघडले आणि त्याच दिवशी वेल्सची वेसही. २०२३ पासून इंग्लंडात शेतकऱ्याला वेगळी परवानगी न काढता वर्षातले साठ दिवस पन्नास तंबूंपर्यंत कॅम्पसाइट चालवता येते. संडासाची सोय मात्र करावी लागते!

असो. बरंच लांबलं. एक विनंती. आपल्या घरी कुणाकडे प्लेगातल्या झोपड्यांच्या आठवणी असतील, आजीने-पणजीने सांगितलेल्या, तर लिहून पाठवा. मावशी, तुझ्या सासरची मळ्यातल्या मुक्कामाची गोष्ट मी अर्धीच ऐकली आहे. पुढच्या फोनवर उरलेली सांग.