डाव्या पायाचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. मला आज जो इतिहास सांगावयाचा आहे, त्याचे सारे अवशेष एका काड्यापेटीत मावतात. त्या काड्यापेटीत झिजलेल्या चार लोखंडी पिना आहेत. साठ वर्षे आमच्या घरात एका बाईवर जो आळ होता, त्याचा निकाल या चार पिनांनी लावला. ती बाई म्हणजे माझी आई.

1962 साली वडिलांनी एक जुनी मॉरिस मायनर विकत घेतली. त्या काळी पुण्याच्या मध्यमवर्गीय वस्तीत मोटार येणे म्हणजे घरात हत्ती बांधण्यासारखे होते. गाडी चालवायला वडील शिकले आणि त्यांच्या पाठोपाठ आईही शिकली. वाड्यातल्या बायका गॅलरीत येऊन तिच्याकडे पाहात. नऊवारीतून नुकतीच पाचवारीत आलेली ही बाई चाकामागे बसलेली पाहून कोणी कौतुक केले, कोणी नाक मुरडले. आईने दोहोंकडे दुर्लक्ष केले. तिची एकच तक्रार असे, "अहो, या डाव्या पेडलखाली काहीतरी सैल आहे. पाय अर्धा खाली जातो तरी त्याला काही कळतच नाही." वडील हसत आणि म्हणत, "पेडलला काय कळायचंय? कळायला हवं ते पायाला!"

1964 ची भाऊबीज. साताऱ्याला मामांकडे जायचे होते. बहिणीने स्वतः गाडी चालवीत भावाच्या दारात उतरावे, अशी आईची हौस. कात्रजच्या घाटात अर्ध्या चढावर इंजिन एकाएकी किंचाळू लागले, पण गाडी काही पुढे सरकेना. जळक्या वासाने आम्हां मुलांचे डोळे चुरचुरले. मागून येणाऱ्या एका मालमोटारीच्या ड्रायव्हरने ओरडून विचारले, "बाईंना कशाला दिली गाडी?" आम्ही साताऱ्याला पोचलो ते एस.टी.ने, ओवाळण्याची वेळ टळून गेल्यावर. दुरुस्तीवाल्याने निदान केले ते असे : बाई क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतात, म्हणून प्लेट जळाली. त्या दिवसानंतर आईने चाकाला हात लावला नाही. दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर ही गोष्ट निघे, सगळे हसत, आणि आई चकलीचे पीठ जरा जास्तच जोराने मळीत असे.

आता या क्लचची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. इंजिन सतत फिरत असते; चाकांना मात्र कधी थांबावे लागते, कधी गती बदलावी लागते. या दोघांचा संबंध हवा तेव्हा जोडायचा आणि हवा तेव्हा तोडायचा, हे क्लचचे काम. कार्ल बेन्झच्या 1886 च्या तीनचाकीत हे पेडल नव्हतेच. तिथे एका दांड्याने पट्टा इकडून तिकडे सरकवीत. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाली. मोटारीचा हा पहिलाच लांबचा प्रवास, सुमारे शंभर किलोमीटरांचा. वाटेत तेलाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा एका चर्मकाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. म्हणजे मोटारीचा पहिला लांब पल्ला मारणारी आणि रस्त्यात तिची दुरुस्ती करणारी व्यक्ती माहेराला निघालेली एक बाईच होती! कात्रजच्या घाटातल्या त्या ड्रायव्हरला हे ठाऊक नव्हते. आम्हांलाही नव्हते.

पुढे फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांनी 1891 च्या सुमारास इंजिन पुढे, मागोमाग क्लच आणि गिअर, आणि शेवटी मागची चाके, अशी मांडणी रूढ केली. तेव्हाचे क्लच नरसाळ्याच्या आकाराचे, कातड्याने मढवलेले असत. कातडे सुकले की ते झटके देई, तेलकट झाले की घसरे. 1897 साली हर्बर्ट फ्रूड या इंग्रजाने घर्षणासाठी खास अस्तरे करण्याचा उद्योग काढला आणि कातड्याचे दिवस भरले. त्याच्या मालाचे नाव फेरोडो. फ्रूड या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे पहिले अक्षर मिसळले की ते नाव तयार होते. पेडलांची जागाही पुष्कळ काळ ठरलेली नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत डावे पेडल दाबले की गाडी पहिल्या गिअरमध्ये जाई आणि मधले दाबले की मागे! क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये आणि ॲक्सिलरेटर उजवीकडे हा क्रम 1916 च्या कॅडिलॅकने आणि 1922 पासून ऑस्टिन सेव्हनने लोकांच्या अंगवळणी पाडला. डाव्या पायाचे नशीब तेव्हापासून क्लचला बांधले गेले.

आमची मॉरिस मायनर ही अॅलेक इसिगोनिस या कल्पक माणसाची निर्मिती. 1948 साली लंडनच्या प्रदर्शनात ती प्रथम आली. अगदी अखेरच्या क्षणी ती अरुंद वाटली म्हणून नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंचांनी रुंद केली. तिच्या बॉनेटवर मधोमध जी सपाट पट्टी दिसते, ती त्या जोडाची खूण. आपल्याकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी 'बेबी हिंदुस्तान' या नावाने काढली होती. पुढे पुष्कळ गाड्यांत क्लचचा निरोप नळीतल्या तेलाच्या दाबाने पोचू लागला. पण मायनरने 1971 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दांड्या आणि पिना सोडल्या नाहीत. पेडल तळाच्या फळीतून खाली जाते. तिथून एक दांडी, मग आडवा फिरणारा एक शाफ्ट, त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दांडी, आणि अखेर क्लच दाबणारा काटा. प्रत्येक जोडात एक पिन. हा सगळा संसार गाडीच्या पोटाखाली, रस्त्याच्या धुळीत आणि चिखलात.

वडील 1991 साली गेले. गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली राहिली. गेल्या पावसाळ्यात मी ती बाहेर काढली. इंजिन महत्प्रयासाने सुरू झाले, पण गिअर काही पडेना. नुसती दातखिळी बसल्यासारखा आवाज. ज्याला विचारावे तो म्हणे, "प्लेट बदला, इंजिन उतरवा." खर्चाचा आकडा ऐकून मी आधी स्वतःच खाली शिरून पाहायचे ठरवले. सत्तरी उलटलेल्या माणसाने गोणपाट अंथरून मोटारीखाली निजावे हे सुनेला पसंत नव्हते, पण निजलो.

नातवाला हाताने पेडल दाबायला सांगितले आणि बॅटरीच्या उजेडात पाहात राहिलो. पेडल सव्वा इंच खाली गेले तरी टोकाचा काटा ढिम्म! पहिली पिन आपल्या भोकात डुगडुगली, मग दांडी हलली. दुसरी डुगडुगली, मग शाफ्ट हलला. आणि भार येताच तो शाफ्टही झिजलेल्या बुशात तिरका झाला. मी पिना काढल्या. एक मधोमध इतकी झिजली होती की तिला कंबर आली होती. दुसरी तर पिन नव्हतीच. कोणीतरी तिच्या जागी साधा बोल्ट ठोकला होता. त्याच्या आट्यांनी कानशीसारखे घासून भोक लांबट करून टाकले होते.

आता हिशेब पाहा. एकेका जोडात अर्धा-पाऊण मिलिमीटर झीज. एकटी पाहिली तर नगण्य. पण चार जोड आणि एक बुश यांची बेरीज होते, आणि पेडलची तरफ त्या बेरजेचा गुणाकार करते. क्लच पुरता सुटत नाही म्हणून गिअर किंचाळतो. मग दुरुस्तीवाला काय करतो? पिना न पाहता टोकाच्या दांडीचा नट आवळतो. तेवढ्यापुरते बरे वाटते. परंतु क्लच आणि त्याला दाबणारे कार्बनचे बेअरिंग यांच्यामध्ये जी थोडी फट कायम राहायला हवी, ती नाहीशी होते. प्लेटचे अस्तर झिजत जाते तशी ती फट मुळातच कमी होत असते. अखेर बेअरिंग क्लचला अहोरात्र दाबून धरते. चालवणाऱ्याचा पाय पेडलवर नसला तरी गाडीच्या लेखी तो असतो! मग एखाद्या चढावर प्लेट घसरते, तापते आणि जळते.

गाडीखाली निजल्यानिजल्या मला कात्रजचा घाट आठवला. आणखी एक गोष्ट आठवली. त्या भाऊबिजेनंतर वडिलांच्या पायाखाली दोन प्लेटी जळाल्या होत्या. त्या दोन्ही वेळी दोष प्लेटींचा होता.

त्या दुरुस्तीवाल्यालाही मी फार दोष देत नाही. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी इथून काढता पाय घेतला. बाहेरून येणाऱ्या मालावर कडक निर्बंध होते. गाडी एकदा घेतली की ती जन्माची सोबतीण. सुटा भाग मिळाला नाही की बोल्ट, तार, खिळा, जे हाती येईल ते लावून तिला चालती ठेवायची. त्या हिकमतींनी हजारो गाड्या जगवल्या. फक्त हिकमत फसली की दोष कोणावर टाकायचा, हे मात्र आधीच ठरलेले असे.

नाना पेठेत सुट्या भागांसाठी हिंडलो आणि शेवटी एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने लांबट झालेली भोके वेल्डिंगने भरून पुन्हा गोल पाडली, गनमेटलचा नवा बुश कातून दिला, चांगल्या पोलादाच्या चार पिना केल्या. प्रत्येक पिनेला मी नवी स्प्लिट पिन लावली, ग्रीस भरले आणि सरतेशेवटी पेडलला हवी तेवढीच मोकळीक ठेवून नट बसवला. इंजिन उतरवावे लागले नाही. प्लेट तर अजून चांगली होती.

आई आज 94 वर्षांची आहे. काड्यापेटी उघडून मी तिच्यापुढे पिना ठेवल्या आणि सगळा हिशेब सांगितला. तिने कंबर आलेली ती पिन बोटांत धरून बराच वेळ फिरवली. मला वाटले, आता डोळ्यांत पाणी येणार. ती म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं. सैल आहे म्हणून." मग थोड्या वेळाने, "त्यांना कळलं असतं तर त्यांनीही मानलं असतं. कोणी खाली वाकून पाहिलंच नाही."

धनत्रयोदशीला तिला हात धरून अंगणात नेले आणि चाकामागे बसवले. चप्पल काढून तिने डावा पाय पेडलवर ठेवला, सावकाश दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हं," ती म्हणाली, "आता कळतंय त्याला."

यंदा भाऊबिजेला साताऱ्याला जायचे आहे. मामा नाहीत, मामेभाऊ आहेत. गाडी मी चालवणार, आणि आई शेजारी बसणार. घाट लागला की कोणता गिअर टाकायचा ते तीच सांगणार आहे, असे तिने मला आतापासूनच बजावले आहे.